गुरुजी म्हणतात आवाज गळ्यात अडकतोय, थेरपिस्ट म्हणतात ताण दोन. एकाच आवाजाला दोन कान?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. मी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरीचा वर्ग, पट ४४. शेजारच्या वर्गाची आणि आमची मधली भिंत छताला टेकत नाही, वर पत्रा. पावसाची सर आली की फळ्याजवळून शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवताना मानेच्या शिरा ताठ होतात. गेल्या दिवाळीपासून माझा आवाज गुरुवारपर्यंत कसाबसा टिकतो आणि शुक्रवारी बसतो. आधी रविवारच्या विश्रांतीनं सुटायचा, आता सोमवारच्या परिपाठालाच जड असतो.

पहिल्यांदा गेले गाण्याच्या गुरुजींकडे. पाच वर्षं त्यांच्याकडे शिकतेय. त्यांनी तानपुरा लावला, काळी चारचा (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा) सा लावायला सांगितला, डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "सूर जागेवर आहे, पण आवाज गळ्यात अडकतोय. पहाटे खर्ज भर. पोटातून आवाज काढ." पंधरा दिवस तो खालच्या सुरांचा रियाज केला. गाताना बरं वाटायचं, वर्गात पुन्हा तेच.

मग कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर बारीक नोड्यूल, म्हणजे घट्टे, आहेत. त्यांनी स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. त्या बाईंनी 'आ' धरायला लावला, एक उतारा वाचून घेतला, घरचं-दारचं बोलतं केलं आणि कागदावर लिहिलं: जी २, आर १, बी २, ए ०, एस २. बाहेर रांग होती, विचारायचं राहून गेलं. कागद गुरुजींना दाखवला तर म्हणाले, "आवाजाला मार्क कसे देणार?"

दोघांचेही कान वीस-वीस वर्षं तयार झालेले. दोघांवर माझा विश्वास आहे. मग एकाच आवाजात दोघांना वेगवेगळं का ऐकू येतं? आणि मी कोणाचं ऐकू?

कानोसा
पाटीपेन्सिल ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे. आधी कागद उलगडते. त्या मोजपट्टीला आम्ही 'ग्रबास' म्हणतो. जपानमधली आहे, हिरानो यांच्या १९८१ च्या पुस्तकातून जगभर गेली. पाच गोष्टी, प्रत्येकीला ० ते ३. जी म्हणजे एकूण बिघाड किती. आर म्हणजे खरखर. बी म्हणजे आवाजातून सुटणारी हवा. ए म्हणजे क्षीणपणा. एस म्हणजे ताण, दाबून बोलणं. तुमच्या कागदाचा अर्थ असा: मध्यम बिघाड, थोडी खरखर, हवा बरीच सुटते, आवाज दुबळा नाही, पण जोर लावून काढला जातोय.

हे नोड्यूलशी जुळतं. बोलताना दोन्ही तंतू एकमेकांवर आपटतात, बाईमाणसाच्या आवाजात सेकंदाला साधारण २०० वेळा. रोज जोरानं आपटले की जिथे सगळ्यात जास्त मार बसतो तिथे, म्हणजे पुढचा एक तृतीयांश भाग संपतो त्या ठिकाणी, घट्टे पडतात. विळा धरून हाताला पडतात तसेच. घट्ट्यामुळे तंतू नीट मिटत नाहीत, फटीतून हवा सुटते, ती झाकायला माणूस आणखी दाबतो. बी आणि एस एकत्र वाढलेले दिसतात ते त्यामुळे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. गुरुजींनी तुमचा आवाज गाताना ऐकला, थेरपिस्टनं बोलताना. हा फरक फार मोठा आहे. काळी चारचा सा म्हणजे सुमारे २०८ हर्ट्झ. ती उंची जवळपास बोलण्याचीच, पण गाताना तुम्ही श्वास आखून घेता, स्वर हळुवार उचलता, समोर तानपुरा असतो, ४४ पोरं नसतात. पाच वर्षांच्या तालमीनं गाण्यात तुमचं दुखणं झाकलं जातंय. गाणं शिकलेल्यांना मी 'आ' धरायला सांगते तेव्हा घड्याळावर फारसा भरवसा ठेवत नाही. निरोगी माणूस १५ ते २५ सेकंद धरतो, १० च्या खाली आलं की आम्ही सावध होतो. पण दमसास असलेला माणूस हवा गळत असतानाही १८ सेकंद काढतो आणि कागदावर सगळं छान दिसतं.

मंद्र
मी गाणं शिकवते, बावीस वर्षं झाली. गुरुजींच्या बाजूनं थोडं लिहिते. 'गळ्यात अडकतोय', 'पोटातून काढ' हे शब्द ऐकून डॉक्टर लोक वैतागतात, कारण पोटात स्वरयंत्र नसतं. बरोबर आहे. पण हे शब्द शरीराचं वर्णन म्हणून वापरलेलेच नाहीत. शिकणाऱ्याच्या शरीराला एक खूण सापडावी म्हणून आहेत. 'पोटातून' म्हटल्यावर मुलीचे खांदे खाली येतात, हनुवटी सुटते, बरगड्या उघडतात.

मी काय ऐकते ते सांगते. नवी मुलगी आली की पहिला 'आ' मी ऐकते तो सुराच्या आधीचा. म्हणजे स्वर सुरू होण्यापूर्वीच्या क्षणात काय घडतं ते. काहींचा 'आ' टक् करून फुटतो, बंद दाराला आतून धक्का दिल्यासारखा. काहींच्या 'आ'च्या आधी ह येतो, 'हा' असा. काहींचा अलगद, श्वास आणि सूर एकाच वेळी. त्यानंतर मी हात त्यांच्या पाठीवर ठेवते आणि जबड्याकडे बघते. सूर खरा आहे की खोटा हे तर अर्ध्या मिनिटात कळतं, त्यासाठी गुरू लागत नाही.

आणि हे मान्य करते की आमचा कान आवाज काय होऊ शकेल ते ऐकतो. बिघाड ऐकायची सवय आम्हाला नाही. खरखर ऐकू आली तरी मन म्हणतं, रियाजानं जाईल. ही आमची खोट आहे. तुम्हाला नोड्यूल असताना पहाटेचा खर्ज मी सांगितला नसता. तेही आज शहाणी झाले म्हणून. पंधरा वर्षांपूर्वी मीही तेच सांगितलं असतं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी. जिवंत माणसाचे स्वरतंतू आरशातून व्यवस्थित पाहून त्याचा अभ्यास मांडणारा माणूस गाण्याचा मास्तर होता. मॅन्युएल गार्सिया. १८५४ मध्ये दाताच्या डॉक्टरकडचा छोटा आरसा स्वतःच्या घशात धरून, उन्हाची तिरीप त्यावर पाडून त्यानं स्वतःचे तंतू हलताना पाहिले आणि १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध ठेवला. पाटीपेन्सिल ताईंच्या डॉक्टरांनी जी दुर्बीण घातली तिची सुरुवात तिथली. आज गाणं शिकवणारा आणि घसा तपासणारा एकमेकांशी बोलत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

चिपळी
माझे वडील कीर्तनकार. आवाज घोगरा, जन्मभर घोगरा. उत्तररंगात आख्यान चढलं की तो आवाज असा भरायचा की मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्या डोळे पुसायच्या. कानोसा ताईंच्या पट्टीवर त्यांना आर दोन सहज मिळाले असते. पण त्यांना कधी घसा दुखला नाही, सलग सात दिवसांच्या सप्ताहातही आवाज बसला नाही. मग त्याला बिघाड म्हणायचं का?

आणि गाण्यातही बघा. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर खाली उतरला, पुरुषी झाला. त्याच आवाजानं किराणा घराण्याचं गाणं त्यांनी उंच नेलं. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत गेला आणि परत आला तो पहिल्यासारखा नव्हता, मग त्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली, असं जयपूर घराण्यात सांगतात. पट्टीवर हे सगळे नापास.

कानोसा
चिपळी, तुमच्या वडिलांना मी आर दोन दिले असते आणि घरी पाठवलं असतं. ग्रबासमध्ये आम्ही फक्त काय ऐकू आलं ते लिहितो. त्रास किती, हे माणसाला विचारावं लागतं. त्यासाठी वेगळी प्रश्नावली आहे, १९९७ पासूनची. ३० प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, एकूण १२०. 'लोक मला पुन्हा पुन्हा काय म्हणालात विचारतात', 'आवाजामुळे मी फोन टाळते' अशा धर्तीचे. गायकांसाठी २००७ मध्ये ३६ प्रश्नांची निराळी आली, कारण बोलताना काहीच त्रास नसलेल्या गायकाची एक तान अडली तरी त्याचं पोट अडतं. कानाला वाईट आणि माणूस सुखात, कानाला चांगला आणि माणूस रडतोय, दोन्ही मी रोज बघते.

आमच्या कानाची खोटही सांगते, मंद्र ताईंनी त्यांची सांगितली म्हणून. प्रत्येक थेरपिस्टच्या डोक्यात 'चांगला आवाज' आणि 'फार वाईट आवाज' यांचे नमुने साठलेले असतात आणि समोरचा आवाज त्यांच्याशी ताडून आम्ही आकडा देतो. क्रायमन आणि गेराट या संशोधकांनी १९९० च्या दशकात हे नीट मांडलं: हे आतले नमुने प्रत्येकाचे वेगळे, आणि एकाच माणसाचेही सरकत राहतात. ज्या सकाळी मी स्वरयंत्राच्या कर्करोगाचे तीन रुग्ण पाहिलेले असतात, त्या दुपारी नोड्यूलवाल्या शिक्षिकेचा आवाज मला जवळजवळ स्वच्छ वाटतो. हे कळल्यापासून मी मोबाइलमध्ये चार ठरलेले आवाज ठेवलेत, शून्यापासून तीनपर्यंत. रुग्णाला आत बोलवण्याआधी ते ऐकते. तानपुरा जुळवून घेतल्यासारखं.

आकडेमोड
कानावर एवढं अवलंबून राहायचंच कशाला? प्रात नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी केलेलं. आवाज द्या, जिटर-शिमर मिळतं. जिटर म्हणजे एका कंपनापासून पुढच्या कंपनापर्यंतच्या वेळेतला फरक, शिमर म्हणजे जोरातला. आकडा आला की वाद मिटला.

कानोसा
वापरते मी. पण वाद मिटत नाही, दादा. जिटर काढायला आधी एकेक कंपन कुठे सुरू होतं ते यंत्राला सापडावं लागतं. आवाज फार फाटलेला असेल, किंवा दोन सूर एकदम येत असतील, तर ते सापडतच नाही आणि येणारा आकडा निरर्थक असतो. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गरज तिथेच तो दगा देतो. शिवाय मोबाइलचा माइक, डोक्यावरचा पंखा, सगळं त्या आकड्यात मिसळतं. चालू बोलणं मोजणारी नवी मापंही आहेत, ती बरी चालतात. पण ती खरी की खोटी हे ठरवताना शेवटी तयार कानांनी दिलेल्या गुणांशीच ताडून बघतात.

ओसरी
मी एरवी फक्त वाचते. आज लिहिते. माझी आई मिश्री लावायची. आवाज घोगरा झाला तेव्हा आम्हाला वाटलं वय झालं. ती भजनी मंडळात म्हणायची म्हणून एका गाण्याच्या क्लासमध्ये दाखवलं. तिथे ओंकार करायला सांगितला, आवाज सुटेल म्हणाले. सात महिने केला. दुर्बिणीनं पाहिलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्या सरांच्या मनात काही वाईट नव्हतं, मला माहीत आहे. त्यांनी कानानं ऐकलं आणि कानाला जे कळलं ते सांगितलं. पण कानाला गाठ दिसत नाही.

कानोसा
ओसरी, फार वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंत ते इथल्या प्रत्येकानं वाचावं. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त घोगरेपणा राहिला, तर आधी दुर्बीण, मग बाकी सगळं. तंबाखू, मिश्री, विडी असेल, गिळताना दुखत असेल, मानेत गाठ लागत असेल, थुंकीत रक्त असेल, तर आठवडेही मोजू नका. हे मी थेरपिस्टांनाही सांगते. आमच्याही कानाला गाठ दिसत नाही. खरखर कशामुळे, हे खरखर ऐकून कळत नाही.

मंद्र
ओसरी ताई, आजपासून माझ्या क्लासच्या फॉर्मवर ही ओळ घालते. घोगरेपणा घेऊन आलेल्याला तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय सा लावायला सांगणार नाही.

काना_मात्रा
मला दुसरंच एक विचारायचं आहे. आपण आवाजाला जे शब्द वापरतो ते या पट्टीत कुठे बसतात? घोगरा, बसका, चिरका, किनरा, पिचका, फाटका, भसाडा, कापरा, दबका. यातले घोगरा आणि बसका लोक एकमेकांऐवजी वापरतात, पण माझ्या कानाला ते वेगळे आहेत. घोगरा खाली असतो आणि त्यात खर असते. बसका म्हणजे सूरच उमटत नाही, नुसती हवा येते.

कानोसा
अगदी. मी रुग्णाला विचारतेच, "तुमच्या शब्दात सांगा, आवाज कसा झालाय?" बसका म्हणाले की मी बी ऐकायला कान टवकारते, घोगरा म्हणाले की आर. पिचका हा क्षीणपणाच्या जवळचा, ओढून काढलेला तो एस. चिरका आणि किनरा हे मात्र उंचीबद्दल आणि पोताबद्दल आहेत, ग्रबासमध्ये त्यांना जागा नाही. अमेरिकेतली केप-व्ही नावाची दुसरी पद्धत आहे, तिचा आराखडा २००२ मध्ये ठरला. तिच्यात उंची आणि जोर यांच्याही रेघा आहेत. १०० मिलिमीटरची रेघ, वाटेल तिथे खूण करायची, मग पट्टीनं मोजायचं. ० ते ३ मध्ये न मावणारे बारीक फरक तिथे मावतात.

काना_मात्रा
केप-व्हीमध्ये ठरलेली वाक्यं असतात ना? एक पूर्ण घोष, म्हणजे तंतू थरथरवून निघणाऱ्या, वर्णांचं, एक स्वरांनी सुरू होणाऱ्या शब्दांचं, एक नाकातल्या वर्णांचं, एक अघोष स्फोटकांचं, म्हणजे क-ट-पसारख्या वर्णांचं, एक ह-काराचं. इंग्रजी वाक्यांचं भाषांतर करून भागणार नाही, मराठीत ती नव्यानं बांधावी लागतील. आणि मराठीत एक मोठी अडचण आहे. आपले घ, झ, ढ, ध, भ हे मुळातच हवा मिसळून उच्चारले जातात. शिवाय म्ह, न्ह, ल्ह, व्ह. 'म्हशीनं', 'कोल्हा', 'जिव्हाळा' म्हणून बघा, तंतू अर्धवट उघडे ठेवूनच ते निघतात. उताऱ्यात असे शब्द भरपूर असले तर निरोगी माणसाच्या आवाजातही हवा ऐकू येईल. बाहेरचा ऐकणारा त्याला बी एक देऊन मोकळा होईल.

कानोसा
हे मी इतकी वर्षं अंधुक जाणवून घेत होते, आज शब्दांत मिळालं. आणखी एक भर घाला. आम्ही 'स' किती सेकंद धरता येतो आणि 'झ्झ्' किती, याचं गुणोत्तर काढतो. घट्ट्यांमुळे घोष वर्ण लवकर संपतो, गुणोत्तर १.४ च्या वर गेलं तर शंका घ्यायची. मी सुरुवातीला 'झाड'मधला झ म्हणा सांगायचे. त्यात हवा आपसूक येते. आता 'जमीन'मधला ज लांबवायला सांगते.

मंद्र
वाक्यं इथेच बांधू या ना. पूर्ण घोष: "गावाजवळ वड वाढला." चालेल?

काना_मात्रा
'वाढला'मधला ढ काढा, वर लिहिलं त्याच कारणानं. "गावाजवळ वड आडवा." अघोष स्फोटकांसाठी: "काकू कपाटात टोपी टाकते." नाकातल्या वर्णांसाठी: "मामीनं मनूला नऊ मणी आणून दिले." ह साठी: "हा हार हिला हवा."

मंद्र
आणि स्वरांसाठी "आई उद्या ओटा आवरेल." टक् करून फुटणारा आवाज यात लगेच पकडता येईल. चार शब्द, चार वेळा दार.

पाटीपेन्सिल
मंडळी, आठ दिवसांनी येतेय. तुमचं सगळं वाचून एक केलं. फोनवर तीन ध्वनिमुद्रणं केली: सोमवारी सकाळी, बुधवारी मधल्या सुट्टीत, शुक्रवारी शाळा सुटल्यावर. गुरुजींना थेरपिस्ट बाईंकडे यायची विनंती केली आणि ते आले, सत्तर वर्षांचा माणूस दोन बस बदलून. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहिलं आणि मग एकमेकांना दाखवलं.

शुक्रवारच्या मुद्रणाला बाईंनी एस दोन दिला. गुरुजींनी लिहिलं होतं, "श्वास वर उचलून बोलते, वाक्य संपायच्या आधी हवा संपते." बाईंनी मुद्रण पुन्हा लावलं, दर वाक्याच्या आधी माझा हूं करून घेतलेला श्वास ऐकला आणि म्हणाल्या, "मी परिणाम लिहिला, तुम्ही कारण लिहिलंत." तिघांनी तो श्वास चार वेळा ऐकला. मी इतकी वर्षं स्वतःचा आवाज ऐकतेय, तो हूं मला कधीच ऐकू आला नव्हता.

सगळीकडे जमलं असं नाही. वाक्याच्या शेवटी माझा आवाज खाली जाऊन करकरतो, त्याला गुरुजी दोष म्हणतात, "सूर सोडून देतेस." बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही, निरोगी माणसंही वाक्य तसंच संपवतात म्हणाल्या. आणि बाईंना बुधवारी हवा सुटताना स्पष्ट ऐकू आली, ती गुरुजींना आवाजातला मऊपणा वाटली. त्यावर दोघं बराच वेळ बोलले. एकमत झालं नाही. पण गुरुजींनी खर्ज थांबवायला स्वतःहून सांगितलं, आणि त्याजागी दोघांनी मिळून दिलं ते म्हणजे ओठ मिटून गुंजारव, दिवसातून पाच वेळा दोन-दोन मिनिटं.

कानोसा
हे वाचून डोळे भरून आले. दोन बस बदलून! ताई, एक आणखी. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, ठरवून थांबवता येत नाही. फ्रान्सच्या लोंबार नावाच्या डॉक्टरांनी १९११ मध्येच ते दाखवलं. पत्र्याखाली ४४ मुलांसमोर तुम्ही कितीही मनावर घेतलंत तरी चढणारच. कमरेला बांधायचा छोटा स्पीकर आणि डोक्याला लावायचा माइक घ्या. चैन म्हणून सांगत नाही. अमेरिकेत २००४ मध्ये शिक्षक आणि शिक्षक नसलेले लोक यांची तुलना झाली. आयुष्यात कधी ना कधी आवाज बिघडलेले शिक्षक ५७.७ टक्के निघाले, इतर २८.८. शिक्षकांच्या नोकरीचंच हे दुखणं आहे, तुमचा गळा नाजूक आहे म्हणून झालेलं नाही.

आणि ज्येष्ठमध खुशाल चघळा, पण ते तंतूंपर्यंत पोचत नाही, अन्ननलिकेतून खाली जातं. वाफ पोचते. दिवसभर पाणी प्या. आवाज बसला की कुजबुजत बोलू नका, त्यानंही पुष्कळांचा घसा ताणला जातो.

पाटीपेन्सिल
माइकची चौकशी केली, मुख्याध्यापक परवानगी देतो म्हणाले. सोमवारी परिपाठाच्या आधी वरची पाच वाक्यं म्हणून मुद्रण करते आणि शुक्रवारी पुन्हा. "आई उद्या ओटा आवरेल" आत्ताच म्हणून बघितलं. चारपैकी तीन दारं टक् वाजली. 'उद्या' तेवढं अलगद उघडलं.

मंद्र
मग 'उद्या'पासूनच सुरू करा. आधी दहा वेळा नुसतं 'उद्या', आणि तसंच उघडत 'आई'वर या.